जीर्ण मद्य आणि त्याचें साल
पानगोष्ठीच्या इतिहासांतील एक प्रमाणविचार

जुन्या कागदांचा व्यवहार करणारास 'तळेगांव' हें नांव एकट्यानें कांहींच सांगत नाहीं. पुणें प्रांतीं तळेगांव दाभाडे आहे, तळेगांव ढमढेरे आहे; वऱ्हाडांत तळेगांव दशासर आहे; आणि वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत, नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावर, तळेगांव (श्यामजी पंत) आहे. एखाद्या पत्राच्या शेवटीं नुसतें 'मुक्काम तळेगांव' असें आलें, म्हणजे लिहिणाराचें नांव, आसपासचीं गांवें आणि मजलींचा हिशेब पाहिल्यावांचून तें पत्र कोठें लिहिलें गेलें हें ठरत नाहीं. कंसांतील 'श्यामजी पंत' हे दोन शब्द त्या गांवाची ओळखचिठ्ठीच होत. चिठ्ठी सुटली कीं गांव हरवलें.

प्रस्तुत लेखाचा विषय जुनें द्राक्षमद्य व तें जाणकारांच्या मेळाव्यांत पारखण्याची चाल हा आहे. वर्धा जिल्ह्यांत गेलीं कित्येक दशकें दारूबंदी आहे; तेव्हां तळेगांवच्या वाचकास हें मद्य कागदावरच चाखावें लागणार. परंतु विषयाचें मर्म त्या गांवाच्या नांवांतच आहे. मद्य जुनें आहे म्हणणें एक, तें अमक्या देशचें म्हणणें दुसरें, आणि तें अमक्या सालचें म्हणणें तिसरें. या तीन गोष्टींस अनुक्रमें वय, देश व साल अशीं नांवें देऊं. युरोपांतील रसिक आपल्या फडताळांतील सालवार पोर्ट मद्याचा अभिमान मिरवितात, तेव्हां 'आमच्या पूर्वजांसहि हें सर्व ठाऊक होतें' असें म्हणण्याचा मोह आपणांस होतो. त्यांतील किती खरें व किती ओढूनताणून आणलेलें, हें प्रमाणें पाहून ठरवावयाचें आहे.

(१)

प्रथम पोर्ट म्हणजे काय तें पाहूं. पोर्तुगालच्या उत्तरेस दोरु नदीच्या खोऱ्यांत, डोंगरउतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत होणाऱ्या द्राक्षांचें हें मद्य. नदीच्या मुखाशीं असलेल्या पोर्तु शहरांतून तें परदेशीं जाई, यावरून त्यास हें नांव पडलें. ता. २७ डिसेंबर १७०३ रोजीं इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यांत मेथ्युएन तह झाला व पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्याच्या मानानें एक तृतीयांश कमी ठरली. फ्रान्सशीं वैर आणि जकातीची सूट या दोन कारणांनीं इंग्रजांच्या मेजावर पोर्ट चढलें. द्राक्षरस आंबत असतांनाच त्यांत द्राक्षांचाच कडक अर्क, साधारण चार भागांस एक भाग या मानानें, घालतात. त्यानें आंबणें थांबतें, द्राक्षांची कांहीं साखर शिल्लक राहते, आणि मद्य गोड पण जोरकस होतें. त्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास असतें.

खप वाढला तशी लबाडीहि वाढली. फिक्या मद्यास रंग आणण्यासाठीं त्यांत एका रानझाडाच्या काळ्या फळांचा रस घालूं लागले. तेव्हां १७५६ सालीं पोर्तुगालचा प्रसिद्ध प्रधान पोंबाल यानें एक सरकारी कंपनी स्थापिली, दोरु खोऱ्याची हद्द आंखून तेथें दगडी खांब रोवले, आणि तीं रंग देणारीं झाडें उपटून टाकविलीं. गोमंतकाच्या इतिहासाच्या अभ्यासकांस हा पोंबाल परका नाहीं. १७७४ सालीं गोव्याचें इन्क्विझिशन बंद झालें तें त्याच्याच अमदानींत, आणि तो पदच्युत झाल्यावर १७७८ सालीं तें पुन्हां सुरू झालें. पोर्टाच्या बाबतींत त्यानें रोवलेले खांब म्हणजे 'देश' या प्रमाणाची सरकारी नोंद होय. या हद्दीबाहेरचें तें पोर्ट नव्हे, असें त्या खांबांनीं ठरविलें.

'साल' मात्र खांबांनीं येत नाहीं. तें बाटलीनें आलें. अठराव्या शतकाच्या आरंभीं काचेच्या बाटल्या कांद्यासारख्या फुगीर असत. त्या आडव्या ठेवतां येत नसत. शतकाच्या उत्तरार्धांत सरळ, लांबट बाटली निघाली. ती आडवी ठेवली म्हणजे बूच ओलें राहून फुगलेलें असतें, हवा आंत शिरत नाहीं, आणि मद्य दशकेंच्या दशकें टिकतें. यापूर्वीं लांकडी पिंपांच्या काळांत युरोपांत सामान्यतः नवें मद्यच महाग व जुनें मद्य स्वस्त असे, कारण जुनें म्हणजे बहुधा बिघडलेलें. बूच आणि बाटली यांनीं हा भाव उलटविला.

आज सालवार पोर्टाची रीत अशी आहे. ज्या वर्षीं द्राक्षें उत्तम उतरतात त्याच वर्षाच्या नांवानें मद्य जाहीर करतात. असें वर्ष दहा वर्षांत सुमारें तीनदां येतें. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं तें पिंपांतून बाटलींत भरतात आणि पुढें वीस, चाळीस, प्रसंगीं ऐंशीं वर्षें बाटलींतच ठेवतात. १९२७, १९४५, १९६३ हीं सालें या रसिकांच्या तोंडीं, आपल्याकडे शकावलींतील ठळक तिथि असाव्या तशीं, असतात.

(२)

या रसिकांच्या मेळाव्याची पद्धत आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल. जुन्या बाटलींत तळाशीं गाळाचा थर सांचलेला असतो. म्हणून ती एक-दोन दिवस आधीं उभी करून ठेवतात. मग मानेमागें दिवा धरून मद्य हळूंहळूं दुसऱ्या पात्रांत ओततात आणि गाळ मानेशीं आला कीं हात थांबवितात. बूच कुजून भुगा होण्याजोगें असेल तर तापविलेल्या चिमट्यानें बाटलीची मानच कापतात. कोवळें मद्य दाट जांभळट-तांबडें असतें. जुनें होत जातें तसा रंग कडेकडून विटकरी होत जातो. आरंभीं जीभ आंवळून धरणारा तुरटपणा वयाबरोबर निवळतो, ताज्या फळांचा वास मागें पडतो, आणि सुकें अंजीर व अक्रोड यांची आठवण करून देणारा वास वर येतो. कागद व शाई यांचें वय रंगावरून अजमावणारास या परीक्षेंत कांहीं नवल वाटूं नये.

मेळावे दोन तऱ्हांचे असतात. एकांत एकाच पेढीचीं निरनिराळ्या सालांचीं मद्यें ओळीनें मांडतात. दुसऱ्यांत एकाच सालचीं निरनिराळ्या पेढ्यांचीं. पहिली रीत म्हणजे एकाच घराण्याचें दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या वाचीत जाणें. दुसरी म्हणजे एका सालच्या घटनेवर अनेक दफ्तरांतील पत्रें शेजारीं ठेवणें. पुष्कळ ठिकाणीं बाटलीवरील चिठ्ठी झांकून ठेवतात, आणि प्रत्येकानें आपलें मत लिहून काढल्यावरच चर्चा सुरू होते. वडीलधाऱ्या जाणकारानें आधीं तोंड उघडलें तर बाकीच्यांची जीभ त्याच्या मागें जाते, हा त्यांतील अनुभव आहे. आपल्या मंडळांच्या बैठकींतहि असें घडत नाहीं काय?

(३)

आतां आपल्याकडील प्रमाणें. मित्रमंडळीनें एकत्र बसून मद्य चाखण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, यांत शंका नाहीं. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाच्या दिनचर्येबरोबर त्याच्या आपानकांचें वर्णन आहे. नागरक एकमेकांच्या घरीं जमत, मधु, मैरेय, सुरा व आसव अशीं निरनिराळीं मद्यें घेत, आणि त्यांजबरोबर खारट, तिखट, कडू व आंबट असे चाखण्याचे पदार्थ असत. हा ग्रंथकार आपल्या प्रांतास अनोळखी नव्हे; विदर्भ, वत्सगुल्म व अपरान्त हीं नांवें त्याच्या ग्रंथांत येतात, आणि वत्सगुल्म म्हणजे हल्लींचें वाशीम. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत राजपुरुष आपल्या प्रियेस मद्याचा पेला देत असल्याचें चित्र आहे. तीं लेणीं ज्या वाकाटक हरिषेणाच्या काळचीं, तो याच वत्सगुल्म शाखेचा. दुसऱ्या शाखेची राजधानी प्रवरपुर म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील पवनार, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. पुढें कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें (राज्य इ. स. ११२६ ते ११३८) आपल्या मानसोल्लासांत राजाच्या क्रीडांमध्यें मदिरापानक्रीडेस जागा दिली.

'देश' हेंहि प्रमाण आपल्याकडे होतें. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षांच्या रसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें आहे, आणि त्याचीं कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें देशांवरून पडलीं आहेत. कापिशायन म्हणजे कापिशीचें. ही कापिशी अफगाणिस्तानांत हल्लींच्या बेग्रामजवळ होती, आणि कापिशायन हा शब्द पाणिनीनेंहि साधून दाखविला आहे. पानगृहांत निरनिराळ्या खोल्या, आसनें, सुगंध, माळा व ऋतुमानाप्रमाणें पाणी असावें, असेंहि कौटिल्य सांगतो. अर्थात् तेथें कोण काय बोलतो, कोण ऐपतीबाहेर खर्च करतो, यावर राजाच्या हेरांचा कान असे.

'वय' हें प्रमाण वैद्यांनीं सांभाळलें. चरकाच्या सूत्रस्थानांत मद्यवर्गामध्यें नव्या व जुन्या मद्याचा भेद स्पष्ट केला आहे. नवें मद्य जड व दोष वाढविणारें. जीर्ण मद्य हलकें, रुचि आणणारें, स्रोतसें मोकळीं करणारें. चिकित्सास्थानांत मदात्ययाच्या अध्यायांत मद्य कसें घ्यावें याचा विधि आहे. शुचिर्भूत होऊन, ऋतूस योग्य अशा स्थळीं, चांगल्या पात्रांतून, अनुकूल मित्रांच्या सहवासांत तें घ्यावें. आणि मदाच्या तीन अवस्थांपैकीं पहिलीच्या पुढें जाऊं नये. द्राक्षासवाची बाटली ज्या मराठी घरांत औषध म्हणून आजहि असते, त्या घरास ही परंपरा अगदींच तुटलेली वाटणार नाहीं.

तेव्हां पानगोष्ठी आहे, देश आहे, वय आहे. साल मात्र या ग्रंथांत नाहीं. चरकाचा शब्द 'जीर्ण' आहे. तो अमक्या राजाच्या अमक्या वर्षींचें असें म्हणत नाहीं, आणि वैद्यास त्याची गरजहि नव्हती. जीर्ण हा गुण आहे, साल ही नोंद आहे. जुनें पुस्तक आणि शक घातलेलें पुस्तक यांत जो भेद, तोच येथें आहे.

(४)

सालाची नोंद प्राचीन जगांत होती, ती रोमकांजवळ. त्यांच्या मद्याच्या मातीच्या रांजणांवर त्या वर्षीच्या कॉन्सल नांवाच्या अधिकाऱ्याचें नांव लिहीत. ओपिमिअस कॉन्सल असतां, म्हणजे इ. स. पूर्वीं १२१ सालीं, द्राक्षें अपूर्व उतरलीं. तें मद्य जवळजवळ दोनशें वर्षांनींहि शिल्लक असल्याचें प्लिनी लिहितो. पण तें आटून कडवट मधासारखें झालें होतें, असेंहि तो सांगतो.

आणि हें मद्य ज्या देशांतून येई, त्या इटलीचा माल आपल्या किनाऱ्यास लागत होता. इ. स. च्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोचच्या बंदरीं उतरणाऱ्या मालांत इटलीचें, लाओदिकेयाचें व अरबस्तानचें मद्य सांगितलें आहे, आणि त्यांत इटलीच्या मद्यास अग्रस्थान दिलें आहे. त्याच ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, हीं पेठांचीं गांवें आलीं आहेत. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं नेवासें येथें उत्खनन केलें, तेव्हां अशा परदेशी रांजणांचीं खापरें सांपडलीं. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय आजहि पाहावयास मिळतें.

येथवर सर्व सुखाचें. परंतु इतिहासकारानें सावध राहावें असें स्थळ हेंच आहे. भारतांत ठिकठिकाणीं सांपडलेलीं जीं खापरें पूर्वीं रोमक रांजणांचीं म्हणून नोंदलीं गेलीं, त्यांपैकीं पुष्कळ रोमक नसून मेसोपोटेमिया व इराणी आखात यांकडील लांबोड्या रांजणांचीं आहेत, असें रॉबर्टा टोंबर या विदुषीनें २००७ सालीं दाखवून दिलें. त्या रांजणांस आंतून डांबराचा लेप असतो आणि त्यांचा काळ रोमकांच्या पुढेंहि कित्येक शतकें चालतो. म्हणजे खापर सांपडलें, तें परदेशी ठरलें, द्रवपदार्थाचें ठरलें. पण देश चुकला, म्हणून काळहि चुकला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी घातलेला एक परदेशी पुरुष हातीं पेला घेऊन बसला आहे. त्यास फर्ग्युसनच्या मतानुसार एके काळीं इराणचा खुस्रू परवीज ठरविण्यांत आलें आणि पुलकेशीच्या काळाशीं त्याचा संबंध जोडला गेला. तें लेणें त्याहून शतकभराहून अधिक जुनें आहे, हें आतां मान्य झालें आहे. पेल्यावरून परदेशी ओळखणें सोपें असतें. त्यावरून साल सांगणें अवघड.

रोमकांच्या चिठ्ठ्याहि सर्व खऱ्या नव्हत्या. पेट्रोनिअसनें आपल्या कथेंत त्रिमाल्किओ नांवाच्या नवश्रीमंताची मेजवानी रंगविली आहे. तेथें आलेल्या मद्याच्या चिठ्ठीवर ओपिमिअसचें नांव व 'शंभर वर्षांचें' असें लिहिलेलें असतें. पेट्रोनिअस नीरोच्या काळचा. त्या वेळीं ओपिमिअसच्या वर्षास १८० च्या आसपास वर्षें होऊन गेलीं होतीं. नांव व वय यांचा मेळ बसत नाहीं, आणि यजमानास त्याचा पत्ताहि नाहीं. शक एक, संवत्सर दुसरा व वार तिसराच असें बनावट पत्र हातीं आलें म्हणजे मोडकांची जंत्री उघडून आपण हेंच करतों.

(५)

मोगलांच्या काळीं आपल्या प्रांतानें मद्याचें दुसरें रूप पाहिलें. अकबराचा पुत्र मुराद वऱ्हाडच्या मोहिमेवर होता. बाळापुराजवळ त्यानें शहापूर वसविलें, आणि १५९९ सालीं अतिपानानें तो दक्षिणेंतच मेला. पुढें सहा वर्षांच्या आंत त्याचा भाऊ दानियाल बऱ्हाणपुरास त्याच मार्गानें गेला. पहारे बसवून त्याचें पिणें बंद केलें, तेव्हां सेवकानें बंदुकीच्या नळींतून कडक अर्क आणून दिला. नळींतील गंज त्यांत उतरला, आणि तो पिऊन शहाजादा अंथरुणास खिळला, असें त्याचाच भाऊ जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत लिहितो. चरकानें सांगितलेल्या पहिल्या व तिसऱ्या मदांतील अंतर याहून स्पष्ट दाखविणारें उदाहरण विरळा. नागरकाचें आपानक आणि शहाजाद्याचें व्यसन हीं एका नांवाखालीं मोडत नाहींत. परीक्षक थेंब घेतो, व्यसनी घडा.

याच घराण्यांतील शहाजहानचा पांढऱ्या यशमाचा मद्यपात्र-पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. त्यावर हिजरी १०६७, म्हणजे इ. स. १६५७, असें साल कोरलेलें आहे. येथें साल आहे, पण तें पेल्याचें. त्यांत ओतलेल्या मद्याचें नव्हे.

गोमंतकांत पोर्तुगीज १५१० पासून होते, पण पोर्तुगालहून येणारें मद्य दुर्मिळ व महाग. १५८३ ते १५८८ या काळांत गोव्यास राहिलेला डच प्रवासी लिन्शोतेन माडाच्या मद्याच्या अर्कांत होर्मुझहून आलेले मनुके घालून द्राक्षमद्यासारखें पेय करीत असें लिहितो. द्राक्ष आणि अर्क यांची ही सांगड पाहून 'पोर्टाचा शोध गोव्यांत लागला' असें कोणी म्हणूं नये. क्रिया वेगळी आहे आणि परंपरा जोडणारा धागा नाहीं. इंग्रजांच्या मुंबईस मदैरा बेटाचें मद्य फार येई, कारण हिंदुस्थानास येणारीं गलबतें त्या बेटास लागत. हें मद्य उष्ण समुद्रांतून हेलकावे खात गेलें म्हणजे अधिक पिकतें, असा व्यापाऱ्यांचा अनुभव होता. पोर्टास मात्र थंड व काळोखें तळघर लागतें. वऱ्हाड-वर्ध्याच्या वैशाखांत, जेथें धान्यहि पेवांत ठेवीत, तें अकालींच म्हातारें होईल.

(६)

चिठ्ठीवरील सालाचा मोह आजच्या सुज्ञांसहि सुटलेला नाहीं. ५ डिसेंबर १९८५ रोजीं लंडनमध्यें क्रिस्टीजच्या लिलांवांत १७८७ सालची म्हणून फ्रेंच मद्याची एक बाटली १,०५,००० पौंडांस गेली. तिच्यावर अमेरिकेचा अध्यक्ष टॉमस जेफर्सन याच्या नांवाचीं आद्याक्षरें कोरलेलीं होतीं. जेफर्सन हा बारीकसारीक हिशेब लिहून ठेवणारा गृहस्थ. त्याच्या घराचे अभ्यासक त्याचे कागद चाळून म्हणाले, कीं या मद्याचा त्यांत मागमूस नाहीं. लिलांव तरीहि झाला. पुढें त्याच संचांतील इतर बाटल्या घेणाऱ्या एका संग्राहकानें तज्ज्ञ बसविले, तेव्हां तीं अक्षरें विजेवर चालणाऱ्या हत्यारानें कोरलीं आहेत असें मत पडलें. बाटलीपेक्षां वही अधिक बोलली, आणि ती लिलांवापूर्वींच बोलली होती.

वरील विवेचनाचा सारांश असा. जुनें मद्य श्रेष्ठ, हें ज्ञान आपल्याकडे होतें. मद्याची ओळख देशावरून सांगण्याची चाल होती. आणि जाणत्यांची गोष्ठीहि होती. सालाची नोंद रोमकांनीं केली, पिंपांच्या काळांत ती लोपली, आणि काच व बूच यांच्या योगानें अठराव्या शतकांत पुन्हां उभी राहिली. 'आमच्याकडेहि सालवार मद्य होतें' असें म्हणण्यानें चरकाचा मान वाढत नाहीं. उलट जें त्यानें खरोखर सांगितलें तें, न सांगितलेल्याच्या गर्दींत, झांकून जातें. पूर्वजांस त्यांचें स्वतःचें द्यावें. दुसऱ्याची चिठ्ठी त्यांच्या रांजणास डकवूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सरदारांच्या व सावकारांच्या दफ्तरांत जिन्नसवार यादी, नजराण्यांच्या नोंदी व खर्चाचीं टिपणें पडलेलीं असतात. त्यांत 'विलायती शिसे' किंवा परदेशी मद्याची नोंद आढळल्यास ती क्षुल्लक म्हणून सोडूं नये. नक्कल करतांना कागदाचें ठिकाण, कोणाच्या दफ्तरांतला, आणि तारीख जशी असेल तशी, या तीन गोष्टी अवश्य उतरून घ्याव्या. कागदावर 'तळेगांव' एवढेंच असेल तर तेवढेंच लिहावें. कंस आपल्या मनानें भरूं नये. तो भरण्याचें प्रमाण दुसऱ्या एखाद्या कागदांत निघेल, तोंवर धीर धरणें हेंच या विद्येचें जीर्ण मद्य होय.